भाकरीचा प्रवेश

खरं सांगायचं तर मीराला राग यायला दोन महिने उशीरच झाला. वेळेवर आला असता तर पुढचं सगळं रामायण टळलं असतं. पण मीरा वाहुळे ही बाई समजूतदार. समजूतदार माणसांचं हेच वाईट, की समोरच्याने नाकावर टिच्चून काही केलं तरी आधी ती त्याच्याच बाजूने दोन कारणं शोधून देतात.

मुलुंड पूर्वेच्या औदुंबर कट्टा नाट्यमंडळात मीरा सात वर्षं प्रॉपर्टी सांभाळत होती. नाटकवाल्यांची प्रॉपर्टी म्हणजे जमीनजुमला नव्हे. रंगमंचावर लागणारी चष्म्यापासून कपबशीपर्यंतची प्रत्येक वस्तू. विंगेत तिचं एक लांब टेबल असायचं. त्यावर वर्तमानपत्रं अंथरलेली, वर्तमानपत्रांवर स्केचपेनने चौकोन आखलेले आणि प्रत्येक चौकोनात त्या त्या वस्तूचं नाव. वस्तू स्टेजवर गेली की चौकोन रिकामा, परत आली की भरलेला. नट कितीही मोठा असो, मीराने हातात दिल्याशिवाय टेबलावरचं काही उचलायचं नाही आणि टेबलावर काही ठेवायचंही नाही, असा तिचा नियम होता. पवईच्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये ती टेक्निशियन. दिवसभर लोकांच्या रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावायची, तीच शिस्त तिने संध्याकाळी इथे आणली होती. सात वर्षांत एकदाही ऐन प्रवेशात पत्र सापडलं नाही किंवा काठी हरवली असं झालं नव्हतं.

मंडळ हौशी. कुणी ऑफिसातून सुटून यायचं, कुणी शाळेतून. सेट उभारणारा सहदेव तर सुतारकाम आटपून दहिसरहून यायचा. एका शाळेच्या हॉलमध्ये मंगळवार, गुरुवार आणि शनिवारी संध्याकाळी सात ते नऊ तालीम. चहा कोपऱ्यावरच्या टपरीवरून यायचा. हे मुद्दाम सांगतोय, कारण चहा टपरीवरून यायचा म्हणूनच सात वर्षं कुठला प्रश्न आला नव्हता.

या वर्षीचं नाटक होतं ‘जेवून जा’. लेखक आणि दिग्दर्शक श्यामसुंदर, म्हणजे सगळ्यांचे श्यामकाका. विम्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, आणि बोलायला उभे राहिले की तिसऱ्या वाक्याला ‘समता’. नाटकाची गोष्ट अशी, की एका मोठ्या घरात कामाला येणाऱ्या पारूचा कप वेगळा ठेवलेला असतो. घरातली मोठी सून, मुख्याध्यापिका सुमतीबाई, या प्रथेविरुद्ध उभी राहते आणि शेवटच्या प्रवेशात स्वयंपाकघरात जमिनीवर बसून पारूच्या डब्यातली भाकरी खाते. पडदा. प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी. सुमतीबाईंचं काम वसुधाताईंकडे, हे सांगायला नकोच. वसुधाताई म्हणजे मंडळाचा चेहरा. तीन पिढ्या मुलुंडात, बँकेत मॅनेजर होत्या, अभिनयाची दोन पदकं कपाटात.

आणि पारू? पारूसाठी दोन मुली पाहिल्या, जमेनात. तिसऱ्या दिवशी मीरा टेबलावर चौकोन आखत बसली होती, तेव्हा श्यामकाकांनी टाळी वाजवली.

"अरे, पारू तर इथेच बसलीय! मीरा, तुला काही करायलाच नको. तू फक्त स्टेजवर जा. एकदम नैसर्गिक!"

सगळे हसले. मीराही हसली. आता बघा, मंडळात शिक्षिका होत्या, गृहिणी होत्या, एक दातांची डॉक्टरीण होती. त्यातली कुणी नैसर्गिक मोलकरीण दिसली नाही. बीएस्सी होऊन वर डिप्लोमा केलेली, हाताखाली चार पोरं असलेली मीरा तेवढी दिसली. तिथेच तिने विचारायला हवं होतं, काका, माझ्यात काय पाहिलंत? पण खोटं कशाला बोला, तिला आनंद झाला होता. सात वर्षं विंगेत उभं राहून दुसऱ्यांच्या अंगावरचा उजेड बघितला की एकदा आपल्याही अंगावर पडावा असं वाटतंच.

पारूची भाषा काकांनी लिहिली होती, "व्हय जी बाईसाहेब, म्या गरीब काय बोलनार." असं मीराच्या घरात कुणी बोलत नव्हतं. परभणीकडच्या तिच्या सासूबाई गावाकडचं बोलायच्या, पण असं लाचार नाही.

"काका, ती साधं बोलली तर नाही चालणार?" तिने एकदा विचारलं.

"अगं, मातीचा वास यायला हवा ना!" काका म्हणाले, आणि विषय संपला.

मग काकांना भाकरी खरी हवी झाली. नुसती प्रयोगाला नव्हे, तालमीपासून. "वसुधाला सवय व्हायला हवी. चावताना संवाद म्हणायचाय, सोपं नाही ते." प्रॉपर्टी मीराची, म्हणजे भाकरीही मीराचीच. मीराला स्वतःला भाकरी धड थापता येत नाही. पण नाहूरच्या त्यांच्या वन रूम किचनमध्ये सोनूबाई होत्या, तिच्या सासूबाई. त्यांची ज्वारीची भाकरी पापुद्र्यासकट टम्म फुगते. सून नाटकात काम करणार आणि आपली भाकरीही नाटकात जाणार म्हटल्यावर सोनूबाईंनी कंबरच कसली. तालमीच्या दिवशी पाचला पीठ मळायला घ्यायच्या. दोन भाकऱ्या, शेंगदाण्याची चटणी, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून स्टीलच्या डब्यात. मीरा घरी परतली की पहिला प्रश्न, "त्या बाईला आवडली का गं?"

"त्यांचा आज सोमवारचा उपास सोडायचा राहिला होता," मीरा म्हणाली. तो मंगळवार होता. पण वसुधाताईंनी सांगितलं तसंच तिने घरी सांगितलं.

गुरुवारी ताईंना ॲसिडिटी होती. शनिवारी दाढ. पुढच्या मंगळवारी डॉक्टरांनी ज्वारी बंद केली होती, आणि त्याच आठवड्यात श्रुतिकाने, म्हणजे आमच्या प्रॉम्प्टरने, वाढदिवसाला ज्वारीचे चटकदार वडे आणले तर ताईंनी तीन खाल्ले. तालमीत ताई काय करायच्या, तर तुकडा मोडल्यासारखा हात फिरवायच्या, रिकामा हात तोंडाशी न्यायच्या, आणि डोळे मिटून म्हणायच्या, "पारू, इतकी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती." आवाज असा भरून यायचा की दरवाज्यातला शाळेचा शिपाईसुद्धा गलबलायचा. भाकरी मात्र जशीच्या तशी. तालीम संपली की ती सहदेव खायचा.

"आईंनी जरा जाड थापली असेल," मीरा स्वतःला सांगायची. सोनूबाईही तेच धरून बसल्या. "निब्बर होत आसंल बाई. त्या मऊ खानाऱ्या." मग त्यांनी उकड काढून भाकरी करायला घेतली, ताकातलं पीठ करून पाहिलं, गिरणी बदलली. सत्तरीची बाई दोन महिने गिरण्या बदलत होती, एका बाईच्या दाढेसाठी. हे लिहितानाही डोकं तापतं.

वसुधाताई वाईट होत्या असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. त्या प्रेमळ होत्या. मीराच्या मुलीच्या दहावीच्या वेळी त्यांनी घरी बोलावून गणित शिकवलं होतं. दिवाळीत त्यांच्या घरच्या चकल्या अख्खं मंडळ खायचं आणि मीराला तर त्या डबा भरून द्यायच्या, "सासूबाईंनाही दे हं." सोनूबाई त्या चकल्यांचं चारजणींत कौतुक करायच्या.

शेवटी एका शनिवारी सहदेवने भाकरीचा तुकडा मोडता मोडता तोंड उघडलं.

"गो मीरा, तुका खराच कळना नाय, काय कळान घेवचा नाय?"

"काय?"

"तिची दाढ फक्त तुज्या डब्याक दुखता."

मीराने टेबलावरची कपबशी तिच्या चौकोनात ठेवली. मग म्हणाली, "उगाच कुणावर असं घेऊ नये रे. नक्की माहीत असल्याशिवाय."

लॅबमध्ये एका नमुन्यावरून निदान करत नाहीत. संशय आला तर तपासणी परत करायची, आणि सोबत दुसरा नमुना ठेवायचा. मीराला दुसरं काही सुचेना म्हणून तिने तेच केलं. मंगळवारी तिने सोनूबाईंना भाकरी करू नका म्हणून सांगितलं आणि स्टेशनजवळच्या पोळीभाजीच्या दुकानातून दोन भाकऱ्या घेतल्या. दुकानाचं नाव छापलेल्या कागदासकट डब्यात ठेवल्या.

"ताई, आज घरी जमलं नाही. दुकानातूनच आणल्या."

"अगं हे दुकान ना? छान असते यांची," वसुधाताई म्हणाल्या, आणि प्रवेश सुरू झाल्यावर त्यांनी खरा तुकडा मोडला, खराखुरा चावला, आणि संवाद म्हणून झाल्यावर उरलेली अर्धी भाकरी चटणीसकट संपवली. काका खूश. "वा वसुधा! हे हवं होतं मला!"

गुरुवारी मीराने सोनूबाईंची भाकरी नेली. पण पांढऱ्या फडक्यात नव्हे, दुकानाच्या त्याच कागदात. हे करताना तिचे हात आपल्याच घरात चोरासारखे चालले होते. सासूबाईंची पाठ वळल्यावर तिने फडकं काढलं, कागद घातला, झाकण लावलं.

वसुधाताईंनी ती भाकरी खाल्ली. पूर्ण. बोटं पुसत म्हणाल्या, "आजची तर त्या दिवशीपेक्षा सरस होती गं. प्रयोगालाही याच दुकानातून आण, काय? घरच्यांना उगाच त्रास नको."

पडताळणी झाली. आता कुठलं कारण शोधायचं? उपास, पित्त, दाढ, डॉक्टर, सगळं एका कागदाने बरं केलं होतं. मीरा टॉयलेटमध्ये जाऊन उभी राहिली. तिला ताईंचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तिने सासूबाईंची भाकरी दुकानाच्या नावाखाली खपवली होती. घरी गेल्यावर "आज खाल्ली, सगळी खाल्ली" असं सांगताना सोनूबाईंचा चेहरा असा उजळला की मीराला जेवण गेलं नाही.

शनिवारी तालमीआधी ती श्यामकाकांकडे गेली. हॉलबाहेर गुलमोहराच्या कट्ट्यावर तिने त्यांना सगळं सांगितलं, कागदाच्या पुराव्यासह. तिला वाटलं काका भडकतील. समतेवर दोन अंक लिहिलेला माणूस, दुसरं काय करणार?

काका आधी इकडेतिकडे पाहून घेऊन म्हणाले, "हळू बोल."

"का?"

"अगं, वसुधाच्या मनात तसं काही नसतं. लहानपणापासूनच्या सवयी असतात एकेकाच्या. आपल्या तोंडात कसं घालवत नाही, तसं. तू एवढी शिकलेली, तू समजून घ्यायचं."

"मी समजून घ्यायचं?"

"पंधरा दिवसांवर स्पर्धा आलीय, मीरा. आता विषय वाढवलास तर ती सोडून जाईल, मग संपलंच. स्पर्धेनंतर आपण बसून बोलू. नक्की बोलू. आणि तोवर ती दुकानाची भाकरी आहेच की. प्रॉब्लेम कुठेय?"

प्रॉब्लेम कुठेय! वसुधाताईंचं एकवेळ बाजूला ठेवा, त्यांना कदाचित स्वतःलाही ठाऊक नसेल आपण काय करतोय ते. पण या माणसाला ठाऊक होतं. या माणसाने तो प्रवेश लिहिला होता. त्याला नाटकातल्या पारूचा वेगळा कप खुपत होता, आणि मीराचा वेगळा डबा त्याला सोय वाटत होती. मीरा उठली. घरी नवऱ्याला सांगितलं तर धम्मपाल म्हणाला, "सोड ना ते मंडळ. कुणी बांधून घातलंय?" त्याचंही बरोबरच होतं. पण सोडून जायचं तर कुणी? तिने? तिने काय केलं होतं? आणि सोनूबाईंनी तोवर आख्ख्या बिल्डिंगला सांगून ठेवलं होतं की रविवारी माझी भाकरी बोरिवलीच्या थिएटरात आहे.

उपनगरातल्या हौशी मंडळांची ती स्पर्धा. आमचा प्रयोग सकाळी अकराचा. सोनूबाई नवी कोरी निळी साडी नेसून धम्मपालबरोबर चौथ्या रांगेत येऊन बसल्या होत्या. मीरा भाकरीचा डबा घेऊन विंगेत आली आणि थांबली. तिच्या टेबलावर ‘भाकरी’ लिहिलेल्या चौकोनात आधीच एक पुडकं होतं. दुकानाचा कागद.

"मीच आणून ठेवली," श्यामकाका मागून म्हणाले. "आज रिस्क नको."

सात वर्षांत तिच्या टेबलाला कुणी हात लावला नव्हता. मीराने ते पुडकं उचललं आणि सहदेवच्या हातात दिलं. "चहाबरोबर खा." मग आपला डबा चौकोनात ठेवला. काका काही बोलणार तोच तिसरी घंटा झाली.

नाटक छान चाललं. वसुधाताईंना त्या दिवशी देवाचाच हात लागला होता म्हणायला हरकत नाही. वाक्यावाक्याला टाळी. शेवटचा प्रवेश आला. स्वयंपाकघराचा सेट, खाली पिवळा उजेड, पारू डबा घेऊन जमिनीवर बसलेली. सुमतीबाई आल्या, दाराशी क्षणभर थांबल्या आणि पदर खोचून पारूसमोर मांडी घालून बसल्या.

"पारू, आज मी तुझ्या पंगतीला बसणार. वाढ."

मीराने झाकण काढलं. आत पांढरं फडकं. वसुधाताईंची नजर फडक्यावर पडली आणि तिथेच खिळली. ओठ न हलवता त्यांनी विचारलं, "दुकानाची ना?"

मीराने मानेनेच नाही म्हटलं आणि भाकरी त्यांच्यापुढे धरली.

तुम्ही म्हणाल, तिने सापळा लावला. नाही. तिला खरोखर वाटत होतं की एवढ्या माणसांपुढे, एवढ्या उजेडात, एवढं बोलून झाल्यावर ही बाई आता तरी खाईल. एक तुकडा. मग मीरा सगळं विसरायला तयार होती, दाढसुद्धा.

वसुधाताईंनी तुकडा मोडला. तो हात तोंडाशी नेला, दुसऱ्या हाताने पदर ओठांशी धरला, आणि चावू लागल्या. तुकडा मुठीत होता. मीरा हातभर अंतरावर होती, तिला बोटांमधून दिसत होता. दुसरा तुकडा मोडला, तोही मुठीत. डोळ्यांतून पाणी आलं. अगदी खरं पाणी.

"पारू, इतकी गोड भाकरी मी जन्मात खाल्ली नव्हती."

सगळं सभागृह टाळ्यांनी भरून गेलं. स्टेजवरच्या उजेडाची कड पहिल्या चार-पाच रांगांपर्यंत जात होती. त्या कडेला मीराला सोनूबाई दिसल्या. त्या टाळ्या वाजवत होत्या. दोन्ही हात वर करून, आणि शेजारच्या अनोळखी बाईकडे वळून काहीतरी सांगत होत्या. काय सांगत असतील ते मीराला इथून ऐकू यायची गरज नव्हती.

मीराने हात पुढे केला आणि वसुधाताईंचं मनगट धरलं. मूठ उलटी केली. एकेक बोट उघडलं. तळव्यावर दोन तुकडे होते, घामाने ओले झालेले. तिने तो तळवा तसाच उजेडात धरला. टाळ्या थांबल्या, सगळ्या एकदम नाही, पुढून मागे थांबत गेल्या.

"बाई, तुम्ही खाल्लीच नाही," मीरा म्हणाली. पारूच्या भाषेत नाही. स्वतःच्या.

विंगेत श्रुतिकाच्या हातातली संहिता खाली पडल्याचा आवाज आला.

"खोटं खोटं गोड म्हणू नका. माझ्या सासूने पहाटे उठून केलीय ही. नको असेल तर नको म्हणा, मला चालेल. पण मुठीत लपवून वर गोड म्हणायचं, हे नाही चालणार."

तिने ते दोन्ही तुकडे त्या तळव्यावरून उचलले, स्वतःच्या तोंडात घातले, डबा आपल्याकडे ओढला आणि जेवायला बसली. घाई न करता, चटणी लावून, घास घास चावून. श्रुतिका भानावर येऊन वसुधाताईंना पुढचं वाक्य पुरवत होती, आणि वीस वर्षांच्या सवयीने ताईंच्या तोंडून ते बाहेरही पडलं, "पारू, आजपासून या घरात तुझा कप वेगळा नाही." मागच्या रांगेत कुणीतरी फस्सकन हसलं. मीराने मान वर केली नाही. अर्धी भाकरी संपेपर्यंत उजेड तसाच होता, मग कुणीतरी घाबरून बंद केला.

विंगेत आल्यावर वसुधाताई खुर्चीत कोसळल्या. "भर स्टेजवर माझा अपमान केलास. मी तुझ्या मुलीला शिकवलं गं!"

"शिकवलंत ना. ते विसरले नाही मी," मीरा म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि तिला तो उतरवायचा नव्हता. "म्हणून तर दोन महिने तुमच्या दाढेसाठी पीठ बदलत होतो आम्ही. आणि कागदात गुंडाळून दिली तेव्हा तीच भाकरी तुम्ही बोटं चाटून खाल्लीत. माझ्या सासूच्या हातची होती ती, त्या गुरुवारची. सरस म्हणालात."

ताईंनी पदर तोंडाला लावला. या वेळी मुठीत काही नव्हतं. श्यामकाका धापा टाकत आले. "वाट लावलीस! वाट लावलीस माझ्या नाटकाची! दोन अंकांची मेहनत, मातीत घातलीस!"

मीराने आपला डबा धुतला, पिशवीत टाकला आणि बाहेर पडली. सोनूबाई फाटकाशी उभ्या होत्या. धम्मपालने रिक्षा थांबवली. रिक्षात बसल्यावर म्हणाल्या, "ते नाटकात न्हवतं, व्हय ना?"

"नव्हतं, आई."

सोनूबाईंनी नव्या साडीचा पदर नीट केला. "मला सांगायचं ना गं आधी. मी येड्यावानी गिरन्या हिंडले." त्या दिवशी एवढीच एक गोष्ट अशी होती की जिच्यासाठी तिला खरोखर मान खाली घालावी लागली.

आता खरी गंमत ऐका. संध्याकाळी निकाल लागला. परीक्षकांनी ‘जेवून जा’ अंतिम फेरीसाठी निवडलं. वर लेखनाचं पहिलं पारितोषिक. परीक्षक माइकवर म्हणाले म्हणे, की समतेवरची नाटकं आम्ही पुष्कळ पाहिली, सगळी शेवटी गोड होतात. पण मोलकरणीने मालकिणीची मूठ उघडून भाकरी परत घेणं, आणि त्याच क्षणी पारूची भाषा बदलणं, ही लेखकाची झेप थक्क करणारी आहे. आणि लेखक उठला. झब्बा सारखा करून स्टेजवर गेला, शाल घेतली, आणि म्हणाला, हा शेवट मला फार दिवस आतून धडका देत होता. याचा व्हिडिओ मंडळाच्या ग्रुपवर आला. खाली चाळीस जणांचे हार आणि अंगठे.

दुसऱ्या दिवशी लंच टाइमला काकांचा फोन.

"मीरा, झालं गेलं विसर. तू जीनियस आहेस! फायनलला तस्संच करायचंय, अगदी तस्सं. मी लिहूनही काढलंय. वसुधाचीही तयारी आहे, तिला समजावलं मी."

"काका, ते नाटक नव्हतं."

"म्हणून तर एवढं भिडलं!"

लॅबमध्ये मागे मशीन घरघरत होतं. मीराने फोन दुसऱ्या कानाला लावला. तिला वाटलं होतं आपण ओरडू. पण तिचा आवाज अगदी सरळ निघाला.

"करते. एकच अट आहे. त्याआधी वसुधाताईंनी आणि तुम्ही नाहूरला आमच्या घरी यायचं. जेवायला. आई भाकरी करतील, आपण सगळे खाली बसून खाऊ. मग म्हणाल तितके प्रयोग करते."

पलीकडे काकांनी कुणाला तरी ‘आलोच’ म्हणून हाक दिली.

"बघतो," ते म्हणाले. "विचारतो तिला."

"आणि तुम्ही?"

"अगं, मी काय, मी कधीही येईन. या आठवड्यात जरा धावपळ आहे, एवढंच."

आठवडा गेला, दुसरा गेला. ग्रुपवर मीराचं नाव कुणी काढलं नाही. तिसऱ्या शनिवारी सहदेव नाहूरला घरी आला, सोनूबाईंनी वाढलेल्या ताटावर बसला आणि जेवता जेवता त्याने सगळं सांगितलं. पारूचं काम आता श्रुतिका करते. ती गोरी, म्हणून तिच्या तोंडाला आणि हातांना दोन रंग गडद मेकअप लावतात. तुझी मूठ उघडायची रीत, तुझी वाक्यं, तुझं जेवायला बसणं, सगळं छापून तिच्या हातात दिलंय.

"आणि भाकरी? भाकरी कोण करतं?" सोनूबाईंनी विचारलं.

सहदेवने घास गिळला. "माका सांगलेले, थर्माकोलची कर म्हणान. मी नाय म्हटलंय आणि थयसून निघान इलंय. मग तेंनी दुसऱ्याकडून करून घेतली." मीराकडे न बघता तो ताटातला शेवटचा तुकडा चटणीला लावत राहिला. "म्हणतत, लांबसून अगदी खरी दिसता."